दुर्बळसाहेब

पहिला ताशा वाजला तेव्हा मी साहेबांची दाढी करत होतो. डावा गाल झाला होता, उजव्या गालावर साबणाचा फेस तसाच होता. साहेबांनी माझं मनगट धरलं आणि वस्तरा गालापासून दूर केला.

"हा कसला ताशा, सटवोजी?"

मी म्हणालो, शिपायांची कवाईत असेल. पण मलाच ते पटलं नव्हतं. कवाईतीचा ताशा आम्ही दोघं झोपेतसुद्धा ओळखला असता. हा संथ होता, मध्ये थांबत होता. ताशा थांबला आणि चौकाच्या बाजूने कोणीतरी मोठ्याने वाचत असल्याचा आवाज आला. शब्द कळत नव्हते, पण साहेबांना ते कळायची गरज नव्हती. त्या वर्षीच साहेबांच्या मुलखात नवा कायदा झाला होता. जमावावर गोळी चालवायची असेल तर आधी तीनदा ताशा वाजवायचा, तीनदा ताकीद वाचायची. तिसऱ्या ताकिदीनंतर समोर बाई आहे की म्हातारा, हे कोणी विचारायचं नाही.

साहेब उठले. घरचा काळा लांब डगला अंगावर ओढला, काठी घेतली आणि निघाले. मी टॉवेल घेऊन मागे धावलो.

आता हे साहेब कोण आणि मी त्यांच्या घरात काय करत होतो, ते सांगतो. नाहीतर गावातली तरणी पोरं म्हणतात की म्हातारा विलायतेच्या थापा मारतो.

मी सटवोजी निकम, मूळचा चांदवडकडचा. पोरवयात शिंद्यांच्या कंपूत, म्हणजे कवायती फौजेत, तोफा डागणारा गोलंदाज म्हणून दाखल झालो. आमच्या तोफखान्यावर एक फ्रेंच अधिकारी होता, मार्सियाल दोर्वाल. आमच्या लोकांच्या तोंडात ते नाव काही बसेना. दोर्वालचं दुरवाल झालं आणि दुरवालचं दुर्बळ. माणूस असा की तोफेचं चाक चिखलात रुतलं तर एकटा खांदा लावून काढायचा, आणि त्याचं नाव दुर्बळसाहेब. त्यांना मराठी चांगली येत होती, त्यामुळे नावाचा अर्थही कळत होता. त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही.

इंग्रजांशी लढाई झाली, कंपू मोडला. मी घरी गेलो तर दुष्काळाने सगळं गाव ओस पडलेलं. माझं कोणी राहिलं नव्हतं, म्हणून साहेबांकडेच परतलो. साहेबांना इंग्रज जहाजावर घालून मायदेशी पाठवणार होते. ते म्हणाले, येतोस का? मी म्हणालो, येतो. एवढ्यावर मी समुद्र ओलांडला.

तिकडे त्यांचा बादशहा साऱ्या मुलखाशी लढत होता. साहेब त्याच्या फौजेत शिरले आणि बघता बघता जनरल झाले. मी सगळीकडे बरोबर होतो. पोर्तुगालच्या डोंगरात त्यांचा डावा पाय जखमेने गुडघ्यात कायमचा आखडला, पाठही धरली. तेव्हापासून ते कमरेला रुंद चामडी पट्टा आवळून बांधत. बादशहा गेला, नवा राजा आला, आणि जुन्या जनरलांना घरी बसवलं गेलं. साहेब आपल्या व्हालब्रुन गावी येऊन राहिले. नदीकाठचं लहानसं गाव, धान्याची पेठ, मधोमध चौक. पुढे त्या भागाने त्यांना पॅरिसच्या सभेत प्रतिनिधी म्हणून निवडून दिलं. लढाईत जेवढे बोलत नसत तेवढे ते सभेत बोलू लागले. लोक म्हणत, जनरलची तलवार आता त्याच्या जिभेत आली आहे.

पण तिकडे मत सगळ्यांना नव्हतं. जो मोठा कर भरेल त्यालाच मत. व्हालब्रुनमध्ये असे लोक म्हणजे धान्याचे व्यापारी. साहेबांना निवडून दिलं ते त्यांनी. आणि त्या वर्षी दुसऱ्यांदा पीक बुडालं होतं, गावात भाकरी दुर्मीळ झाली होती, तरी हेच व्यापारी गहू गाड्यांत भरून मोठ्या शहराला पाठवत होते. दोन दिवस आधी ते घरी येऊन गेले होते. गोड बोलून त्यांनी सांगितलं की चौकात काही गडबड झाली तर जनरलनी घरातच राहावं, पुढची निवडणूक फार लांब नाही. साहेबांनी त्यांना मद्य पाजलं, त्यांच्या मुलाबाळांची चौकशी केली आणि होय किंवा नाही काहीच म्हटलं नाही.

तर त्या सकाळी आम्ही गल्लीतून निघालो. साहेब आखडलेला पाय फेकत चालत होते. चालता चालताच मी त्यांच्या गालावरचा फेस पुसला. एक बाजू गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला पांढरे खुंट. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

चौकात पोचलो आणि दुसरा ताशा वाजला.

नगरभवनासमोर शिपायांच्या दोन रांगा बंदुका घेऊन उभ्या होत्या. बहुतेक नवे भरती झालेले, तोंडं उतरलेली. त्यांच्यापुढे कमांडर तिसो. हा बाहेरून आलेला, जिल्ह्याच्या सुभेदाराने पाठवलेला, चेहऱ्यावरून सरळ माणूस वाटत होता. पलीकडे गव्हाच्या गाड्या, आणि गाड्यांच्या चाकांपुढे जमिनीवर बसलेल्या बायका. मांडीवर पोरं घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या मागे पुरुष उभे होते, आणि त्यांचे हात रिकामे नव्हते. चौकाचे दगड कोणीतरी उकरून काढले होते.

बायका आणि बंदुका यांच्यामध्ये मोकळी जागा होती. साहेब सरळ तिथे जाऊन उभे राहिले. मी दोन पावलं मागे.

कमांडर पुढे आला. त्याने अदबीने सलाम केला आणि बाजूला व्हायला सांगितलं. साहेब म्हणाले की तिसरी ताकीद वाचायला त्यांची हरकत नाही, पण ती सगळ्यांना ऐकू गेली पाहिजे असा कायदा आहे, आणि तो कायदा झाला तेव्हा ते स्वतः सभेत हजर होते. आपल्याला जरा कमी ऐकू येतं, तेव्हा कमांडरने जवळ येऊन वाचावं. त्यांचे कान तिखट होते, हे मला ठाऊक होतं. ते वेळ काढत होते.

कमांडर म्हणाला, "जनरल, मला हुकूम आहे."

"मलाही आहे."

"कोणाचा?"

साहेबांनी मागे न बघता काठीने बायकांकडे दाखवलं. "यांचा. यांना मत नाही. म्हणून यांचं आधी ऐकावं लागतं."

मग साहेबांनी जे केलं ते मी तोवर कुठल्या रणात पाहिलं नव्हतं. ते वळले. बंदुकांकडे पाठ केली आणि गावाकडे तोंड. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, दगड खाली टाका. हातात दगड असलेल्या माणसाचं म्हणणं मला पॅरिसमध्ये मांडता येत नाही. एकाने टाकला. दुसऱ्याने टाकला. बायका मागे वळून आपापल्या नवऱ्यांना दटावू लागल्या. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात अगदी मागून, गर्दीतून, एक दगड आमच्या डोक्यांवरून गेला. तो एका शिपायाच्या टोपीला लागला आणि त्याची बंदूक सुटली.

धूर पसरला. आणि सगळा चौक गप्प झाला. ती शांतता मी ओळखत होतो. तोफेला बत्ती लावल्यावर आणि तोफ उडण्याआधी जी असते तशी. आता कोणीतरी किंकाळी फोडणार, गाव धावून येणार, दोन्ही रांगा गोळ्या झाडणार. बायका मध्ये सापडणार.

साहेब जागचे हलले नव्हते. त्यांनी मान किंचित वळवली आणि मराठीत म्हणाले, "सटवोजी, मागे ये. पट्टा धर. सोडू नकोस."

मी वळसा घालून त्यांच्या पाठीला जवळजवळ चिकटलो, डगल्याच्या मागच्या चिरेतून हात घातला आणि कमरेचा पट्टा मुठीत धरला. मला वाटलं पाठ धरली असेल. साहेब सावकाश वळले, मीही त्यांच्याबरोबर वळलो, आणि आता त्यांचं तोंड शिपायांकडे झालं. त्यांनी आपल्या पोटावर हात ठेवला. घरी बसल्यापासून ते चांगलेच सुटले होते.

"कमांडर," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "एवढ्या जवळून एवढा लठ्ठ माणूस चुकतो? तुमच्या शिपायांना नेम शिकवा."

आधी एक म्हातारी कोळीण हसली. मासळी विकणारी, दांडग्या आवाजाची. मग तिच्या शेजारची. मग हसू चौकभर पसरलं. घाबरलेली माणसं हसायला लागली की त्यांना थांबता येत नाही, तसं ते हसू होतं. बायका डोळे पुसत होत्या. शिपायांच्या रांगेतही खसखस पिकली. ज्याची बंदूक सुटली तो मात्र पांढराफटक उभा होता.

कमांडर हसत नव्हता. तो साहेबांच्या पायांजवळच्या दगडांकडे बघत होता. मग त्याने साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं, वळला आणि बंदुका खाली करायचा हुकूम दिला.

त्याच वेळी माझ्या मुठीला ऊब जाणवली. पट्टा ओला झाला होता.

मी गोलंदाज होतो. रक्त मला बघून ओळखावं लागत नाही. माझ्या तोंडातून हाक निघणार होती, पण पट्ट्यावर त्यांचं वजन येऊ लागलं होतं. 'सोडू नकोस' म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी पाय रोवले, दुसरा हात त्यांच्या काखेखाली नेला. लांबून बघणाऱ्याला वाटावं की चाकर मालकाचा डगला सावरतो आहे.

आणि काम तर अजून व्हायचंच होतं. साहेबांनी व्यापाऱ्यांना नगरभवनातून बाहेर बोलावलं. साऱ्या गावादेखत त्यांनी विचारलं, हा गहू आधी व्हालब्रुनच्या बाजारात, गेल्या साली होता त्या भावाने विकायला तुमची काही हरकत आहे का? उरेल तो खुशाल बाहेर न्या. व्यापाऱ्यांनी गावाकडे बघितलं, खाली केलेल्या बंदुकांकडे बघितलं, आणि हरकत नाही म्हणाले. मला वाटलं आता निघू. पण साहेब हलेनात. जुना शिपाई कबुलीवर विश्वास ठेवत नाही. पहिल्या गाडीचं पहिलं पोतं सुटून माप पडू लागेपर्यंत ते उभे राहिले. मी त्यांना उभं ठेवलं, असं कोणी म्हणू नये. ते उभे राहिले, मी फक्त धरलं होतं. त्यांचे गुडघे मला माझ्या गुडघ्यांत थरथरताना कळत होते. बाजूने डोकावलो तर चेहऱ्यावर मात्र अर्धवट हसू.

परतताना खरा प्रसंग आला. गावातले दांडगे गडी त्यांना खांद्यावर घ्यायला धावले. एकाने तर मांडीला हातही घातला. डगला वर झाला असता तर सगळंच उघडं पडलं असतं. मी त्याला ढकलणार, तोच साहेब हसत म्हणाले की जुन्या शिपायाला पायी चालू द्यावं, नाहीतर त्याला वाटतं आपण मेलो. गडी हसत बाजूला झाले. आम्ही गल्लीत शिरलो. दारापर्यंत ते चालत आले. दार लागलं आणि मग माझ्या हातात त्यांचं सगळं वजन आलं.

गोळी मागून, उजव्या बाजूने शिरून कमरेच्या हाडात रुतली होती. डॉक्टर मोरेल गावचेच, विश्वासाचे. त्यांनी फार खटपट केली, साहेबांनी उशीचा कोपरा दातांत धरला, पण गोळी निघाली नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी कोरलं तर जीव जाईल.

शुद्धीवर आल्यावर साहेबांनी आम्हा दोघांकडून वचन घेतलं. ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये. बाहेर लोक नाचताहेत. त्यांना आज कळलं की जनरलला गोळी लागली, तर ते बराकी जाळतील, आणि बराकीतले गोळ्या घालतील. दुखणं विचारलं तर संधिवात सांगायचा.

मी विचारलं, "साहेब, तुम्ही पडला असतात तर?"

"म्हणून तर तुला मराठीत सांगितलं," ते म्हणाले. "फ्रेंचमध्ये सांगितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं."

दिवे लागायच्या सुमारास दार वाजलं. कमांडर तिसो एकटाच आला होता. तो आत आला, पलंगाजवळ उभा राहिला आणि टोपी काढून हातात धरली. म्हणाला, मी दगडांवरचं रक्त पाहिलं. त्या शिपायाला अटकेत ठेवलं आहे. लोकप्रतिनिधीवर गोळी झाडल्याबद्दल त्याची चौकशी होईल, आणि शिक्षा काय होईल ते आपण जाणताच.

साहेबांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, ऐकलं नसावं.

"कमांडर," ते म्हणाले, "त्याचा नेम चुकला असं मी साऱ्या गावासमोर सांगितलं आहे. आता तुम्ही मला खोटं पाडणार का?"

कमांडरने टोपी घातली, पलंगावरच्या माणसाला रणांगणावर करतात तसा कडक सलाम केला आणि निघून गेला. शिपायाला दुसऱ्या दिवशी सोडलं. बंदूक नीट न सांभाळल्याबद्दल त्याला काही दिवस तबेला साफ करायला लावला, एवढंच.

तो गेल्यावर मी साहेबांच्या उशाशी बसलो. मला राग आला होता. कोणाचा ते सांगता येत नव्हतं. मी म्हणालो, या लोकांसाठी एवढं करायची काय गरज होती? ज्यांनी तुम्हाला निवडून दिलं ते तर नाराज झाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ताप चढत होता, पण आवाज शांत होता. मराठीत बोलू लागले. "कंपू मोडला तो दिवस तुला आठवतो? आमचे अधिकारी घोड्यांवर बसून निघून गेले. मीसुद्धा घोड्यावर होतो. मागे वळून पाहिलं तर तुमचे गोलंदाज तोफांपाशी उभे होते. हुकूम देणारं कोणी नव्हतं. पगार देणारं कोणी नव्हतं. इंग्रजांचे घोडेस्वार अंगावर आले, तरी एकानेही तोफ सोडली नाही. जागच्या जागी कापले गेले." ते थांबले. "मी परत फिरलो ते तेव्हा. तुला प्रेतांखालून काढलं ते नंतर. त्या दिवसापासून मला पळायची लाज वाटते, सटवोजी. लोकांना वाटतं मी बादशहाच्या फौजेत शूर झालो. मला उभं राहायला तुम्ही शिकवलं."

मी उठून खिडकीशी गेलो. मला तोंड दाखवायचं नव्हतं. माझा थोरला चुलतभाऊ त्या तोफांपाशी पडला होता. त्याचं नाव कुठल्या बखरीत नाही. पण सात समुद्रांपलीकडे एका जनरलच्या छातीत तो उभा होता, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. नेमाचं ते वाक्य आठवड्याभरात पॅरिसला पोचलं. वर्तमानपत्रांत छापून आलं, नाटकवाल्यांनी वापरलं, हाटेलांत लोक एकमेकांना सांगू लागले. विरोधकांच्या पत्राने लिहिलं की चौकातला पराक्रम आटोपून जनरल संधिवाताने पलंगावर पडले आहेत. बंदुकीला भ्याले नाहीत, थंडीला भ्याले. मी ते वाचून दाखवलं तेव्हा साहेब खो खो हसले आणि मग दुखऱ्या कमरेने कळवळले. हिवाळा संपताना ते सभेत गेले. दोन काठ्या घेऊन मंचावर चढले आणि भुकेल्या माणसांपुढे फौज उभी करू नये यावर बोलले. मी वर प्रेक्षकांत होतो. कोणीतरी खालून ओरडलं की जनरलला उभं राहवत नसेल तर बसून बोलावं. साहेब म्हणाले, मी उभं राहून बोलेन, सवय आहे. सगळे हसले. मी हसलो नाही.

निवडणुकीत व्यापाऱ्यांनी त्यांना पाडायचा चंग बांधला होता. तरी ते निवडून आले. कसे, ते मला अजून कळलेलं नाही. म्हणतात, व्यापाऱ्यांच्या घरी त्यांच्या बायकांनी चुली पेटवल्या नाहीत.

गोळीने त्यांना दोन वर्षं जगू दिलं. मग जखम आतून नासली. शेवटच्या महिन्यात त्यांची मुलगी अदेल सासरहून, बोर्दो शहरातून, सेवेला आली. अदेल माझ्या कडेवर वाढली होती. लहानपणी मी तिला मराठी शब्द शिकवले होते, त्यातला एक तिच्या तोंडी कायमचा बसला: ती मला काका म्हणे.

साहेब गेले त्या दिवशी व्हालब्रुनची सगळी दुकानं बंद राहिली, धान्याचीसुद्धा. लोकांनी शववाहिकेचे घोडे सोडले आणि दोर स्वतःच्या खांद्यावर घेतले. आसपासच्या गावांहून माणसं पायी आली होती. ओढणाऱ्यांत पहिली ती म्हातारी कोळीण होती. तिला कोणी बाजूला हो म्हणू शकलं नाही. आणि गर्दीत, विणकर आणि हमालांच्या मध्ये, कमांडर तिसो टोपी हातात घेऊन चालत होता. गणवेश नव्हता, साध्या कपड्यांत होता. आमची नजरानजर झाली.

त्यानंतर काही वर्षांनी गावाने वर्गणी काढून चौकात त्यांचा ब्राँझचा पुतळा उभारला. ज्या चौकात ते उभे राहिले होते, तिथेच. अनावरणाच्या आदल्या संध्याकाळी अदेल माझ्याकडे आली. मी तेव्हा बागेमागच्या खोलीत राहत होतो. तिने आडवळण घेतलं नाही.

"काका, बाबांच्या कमरेवरचा व्रण मी शेवटी शेवटी पाहिला. ते म्हणाले, पोर्तुगालचा आहे. पोर्तुगालची जखम डाव्या पायाला होती. आईने मला लहानपणी दाखवली होती. मग ही कधीची?"

मी वचन दिलं होतं. पण बराकी जाळण्याचे दिवस सरले होते, त्या शिपायाची नोकरी संपून तो आपल्या गावी द्राक्षं लावत होता, आणि गोळी कोणाच्या बंदुकीतून सुटली हे आता विचारणारं कोणी उरलं नव्हतं. आता साहेबांच्या मुलीपासून ते लपवावं असं मला वाटलं नाही. मी सगळं सांगितलं. ताशापासून पट्ट्यापर्यंत, कमांडरच्या सलामापर्यंत, आमच्या गोलंदाजांपर्यंत.

अदेलच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. वडिलांसारखीच होती ती. मग तिने माझा उजवा हात आपल्या हातांत घेतला, उलटा केला आणि बघत राहिली.

"उद्या नगराध्यक्ष भाषणात सांगतील की गोळीची बाबांना शिवायची हिंमत झाली नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, सांगू दे. लोकांना ते वाक्य आवडतं.

"हो. सांगू दे," ती म्हणाली. "आपल्याला माहीत आहे तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी चौक फुलून गेला होता. पुतळ्यावरचं कापड ओढलं तेव्हा मोठा गजर झाला. साहेब पूर्ण गणवेशात, छातीवर पदकं, दोन्ही गाल गुळगुळीत, पोट निम्मं केलेलं. शिल्पकाराने त्यांना देखणं केलं होतं. पायथ्याशी नेमाचं ते वाक्य कोरलं होतं. पुढे मानाच्या खुर्च्या मांडल्या होत्या: सुभेदार, नगराध्यक्ष, धर्मगुरू, सभेचे प्रतिनिधी. मी नेहमीच्या सवयीने मागे, चाकरांच्यात उभा होतो.

अदेल उठली. सगळ्यांदेखत गर्दीतून मागे आली, माझा हात धरला आणि मला पुढे घेऊन गेली. तिच्या शेजारची खुर्ची तिच्या नवऱ्याची होती. त्याला तिने नजरेनेच उठवलं. नगराध्यक्षांचा चेहरा ओढला गेला. त्यांनी खाली वाकून हलक्या आवाजात विचारलं की ही खुर्ची घरच्या माणसांसाठी आहे, हे बाईंच्या लक्षात आहे ना.

"म्हणूनच," अदेल म्हणाली. "बसा, काका."

माझ्या साऱ्या आयुष्यात मी त्या माणसापुढे कधी चारचौघांत बसलो नव्हतो. गुडघे वाकेनात. अदेलने खांद्यावर हात ठेवला तेव्हा बसलो. सैनिकांनी बंदुका वर करून सलामी दिली, गाव टोप्या उडवू लागलं, आणि मी मान वर करून पाहिलं. साहेब समोर ताठ उभे होते, आणि मागे त्यांना धरायला कोणीही नव्हतं.